जुन्या फोर्डची हॉट रॉड: मॉडेल ‘ए’ कूपे बांधण्याची रीत

हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदल करून नव्याने बांधलेली जुनी गाडी, बांधायला घेणारा माणूस बहुधा इंजिनापासून सुरुवात करतो, आणि गाडी वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये अर्धवट पडून राहण्याचे ते एक मोठे कारण असते. इंजिन विकत मिळते, गिअरबॉक्स विकत मिळतो, पैसे मोजले तर नवी चेसिससुद्धा दारात येऊन पडते; पण गाडी जमिनीपासून किती उंचीवर बसणार, चाके बॉडीच्या कोणत्या रेषेत येणार आणि चालवणाऱ्याचे गुडघे नेमके कुठे जाणार, हे पक्के झाल्याशिवाय यांपैकी एकाही वस्तूची जागा ठरत नाही. म्हणून इथे सगळ्या कामाची सुरुवात गाडीच्या बैठकीपासून केली आहे आणि इंजिन त्यानंतर येते.

हा छंद दक्षिण कॅलिफोर्नियातला. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन बसवले, आणि काही वर्षांतच जुन्या फोर्ड स्वस्तात घेऊन त्या म्युरॉक आणि एल मिराज यांसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत पळवणाऱ्या तरुणांच्या टोळ्या तयार झाल्या. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली, आणि १९४९ पासून तिच्या शर्यती युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावरही होऊ लागल्या. मडगार्ड काढले ते वजन कमी करण्यासाठी, टप कापून खाली आणला तो हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून, आणि मागे मोठी चाके आली ती इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी अधिक अंतर जावी म्हणून. आज जे निव्वळ सजावटीचे वाटते त्यामागे असा हिशेब होता, आणि बांधणी करताना तो ध्यानात ठेवला तर कोणता बदल करावा आणि कोणता टाळावा याचा निर्णय सोपा होतो.

उदाहरणासाठी १९३०-३१ ची मॉडेल ‘ए’ कूपे, म्हणजे दोन दारांची बंद टपाची फोर्ड, घेऊ. १९२७ ते १९३१ या काळात या गाड्या ४८ लाखांहून अधिक निघाल्या, त्यामुळे बॉडी अजूनही सापडतात; तिच्या सर्व काचा सपाट आहेत, त्यामुळे टप कापल्यावर काच नव्या मापाची करून घेणे कठीण नाही; आणि तळाचे गंजलेले भाग नव्याने दाबून विकणारे कारखाने अमेरिकेत आजही आहेत. १९३२ ची कूपे अधिक मानाची मानली जाते हे खरे, पण पहिल्या गाडीसाठी तिची किंमत मोजण्यात मला शहाणपण दिसत नाही.

बॉडी आणि कागदपत्रे

बॉडी पाहायला जाताना एक चुंबक आणि एक टोच्या बरोबर ठेवावा. चुंबक जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली असते. मॉडेल ‘ए’ गंजते ती ठरलेल्या जागी: बॉडीखालून जाणाऱ्या दोन आधारपट्ट्या, दरवाजांचे खालचे काठ, काउलचा, म्हणजे पुढच्या काचेखालच्या बॉडीचा, तळ आणि मागच्या पॅनेलचे खालचे चार-सहा इंच. हे सगळे नव्या पत्र्याने बदलता येते आणि त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. घाबरावे ते टपाजवळचा पत्रा, खिडक्यांच्या चौकटी आणि दरवाजांच्या बिजागऱ्यांचे खांब चाळणी झालेले असतील तर, कारण तिथला आकार हाताने पुन्हा घडवावा लागतो. या कूपेच्या टपाचा मधला भाग पत्र्याचा नसून लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा असतो. ते लाकूड कुजलेले निघणार हे गृहीत धरूनच भाव ठरवावा.

पैसे देण्यापूर्वी कागद पाहावेत. मॉडेल ‘ए’चा नंबर बॉडीवर नसतो, इंजिनाचा नंबरच चेसिसच्या डाव्या लाँग मेंबरवर (लांबीच्या दोन मुख्य तुळयांपैकी डावीवर), बॉडीखाली झाकलेल्या जागी ठोकलेला असतो. म्हणजे नुसती बॉडी घेऊन नवी चेसिस बांधली, तर अमेरिकेतील अनेक राज्यांत ती गाडी ‘खास बांधलेले वाहन’ म्हणून नव्याने नोंदवावी लागते. कॅलिफोर्नियात अशा वाहनांपैकी दर वर्षी पहिल्या ५०० जणांना, बॉडी ज्या सालच्या गाडीसारखी दिसते त्या सालचे धूरतपासणीचे नियम लावून घेण्याची मुभा मिळते. ज्यांना तिथे गाडी नोंदवायची आहे त्यांनी हे वेळापत्रक आधीच समजून घ्यावे. प्रत्येक सुट्या भागाची पावती पहिल्या दिवसापासून एका फाइलीत लावत जावी, कारण नोंदणीच्या वेळी तीच मालकीचा पुरावा ठरते.

महाराष्ट्रात एखाद्याच्या वाड्यात असे जुने धूड झाकून ठेवलेले असेल, तर त्यावर हा प्रयोग करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका घेतली आहे. शिवाय २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ नोंदणी ठेवली आहे ती ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी. चेसिस, बॉडी वा इंजिन बदललेली गाडी त्यात बसत नाही. तिथे अशी गाडी जतनच करावी. पुढचे विवेचन अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथले नियम पाळून बांधणाऱ्या मराठी माणसासाठी आहे.

आधी बैठक

सपाट काँक्रीटची जमीन, चार लाकडी ठोकळे आणि चार टायर एवढ्यावर हे काम होते. पुढे १६५ आर १५ आणि मागे २३५/७५ आर १५ ही एक चालणारी जोडी आहे. पुढच्या टायरचा व्यास सुमारे साडेपंचवीस इंच आणि मागच्याचा सुमारे एकोणतीस इंच भरतो. जुन्या धाटणीचे बायस-प्लाय (आतले धागे तिरके असलेले) टायर दिसायला अधिक शोभतात, पण घ्यायचे तर चारही तेच घ्यावेत; एकाच गाडीत बायस आणि रेडियल यांची सरमिसळ वळणावर घातक ठरते.

बॉडी ठोकळ्यांवर ठेवून टायर तिच्या शेजारी उभे करावेत आणि दहा पावले मागे जाऊन पाहावे. दोन ॲक्सलच्या मध्यांमधील मूळ अंतर १०३.५ इंच आहे. मडगार्ड काढल्यावर मागचे चाक पॅनेलच्या गोलाईच्या मधोमध आले पाहिजे, आणि चेसिसची रेषा मागून पुढे किंचित उतरती असली पाहिजे. इथे घाई करू नये. दोन-चार दिवस येता-जाता पाहून ठोकळे बदलावेत. मग जमिनीपासून लाँग मेंबरच्या वरच्या काठापर्यंतची उंची पुढे, मध्ये आणि मागे मोजून भिंतीवर लिहून ठेवावी. यापुढे ॲक्सल, पाटे, इंजिनाचा कल आणि स्टेअरिंगचा दांडा यांचे प्रत्येक माप या तीन आकड्यांवरून काढायचे आहे. बॉडी चेसिसवर खाली उतरवण्यासाठी तळ कापायचा, म्हणजे चॅनलिंग करायचे, की नाही हेही याच वेळी ठरवावे. त्यासाठी तळाच्या जागी फळी टाकून त्यावर प्रत्यक्ष बसून पाहावे, कारण टपही कापला आणि तळही उतरवला तर पावणेसहा फुटांच्या माणसाला आत बसताना मान मुरडावी लागते.

चेसिस

मूळ लाँग मेंबर म्हणजे साधारण चार इंच उंचीची, एका बाजूने उघडी असलेली पत्र्याची नाळ आहे. ४० अश्वशक्तीच्या चार सिलिंडरसाठी ती पुरेशी होती. त्याच्या पाचपट ताकदीच्या व्ही-८ पुढे ती पिळवटते. म्हणून उघड्या बाजूला एक ते दीड सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडीची पट्टी वेल्ड करून तिची बंद पेटी करावी लागते. हे करण्याआधी चेसिस जड लोखंडी टेबलावर वा जमिनीत रोवलेल्या आधारांवर घट्ट जखडली पाहिजे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने ती केळ्यासारखी वाकते. एका बाजूला दोन इंचांचा टाका, मग दुसऱ्या मेंबरवर तेवढाच, मग पुन्हा पहिल्यावर पण फूटभर पुढे, असे आलटून-पालटून वेल्डिंग करावे आणि मधूनमधून हात लावता येईल इतके थंड होऊ द्यावे.

चेसिस सरळ आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. चारही कोपऱ्यांच्या ठरावीक भोकांतून ओळंबे सोडून जमिनीवर खुणा कराव्यात आणि दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत अर्ध्या सुतापर्यंतचा फरक चालतो, एक सुताच्या वर गेला तर चेसिस आधी सरळ करून घ्यावी. सस्पेन्शनचे ब्रॅकेट, स्टेअरिंग बॉक्सची बैठक आणि इंजिनाचे माउंट यांचे अखेरचे वेल्डिंग प्रशिक्षित वेल्डरकडून करून घेणे हा खर्च टाळण्यासारखा नाही. आपण टाके मारून जागा पक्की करावी, पुढचे त्याच्यावर सोपवावे. आणखी एक धोका फारसा कुणी सांगत नाही: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या, न वाळलेल्या भागावर वेल्डिंग केले तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. वेल्डिंगपूर्वी भाग पुसायला ॲसिटोन वापरावे आणि ते पूर्ण उडून जाऊ द्यावे.

पुढचा ॲक्सल आणि स्टेअरिंग

मडगार्ड नसलेल्या गाडीचा पुढचा ॲक्सल सर्वांना दिसतो, त्यामुळे तो देखणा तर हवाच, पण गाडी रस्त्यावर सरळ धावेल की भरकटेल हेही तिथेच ठरते. चार इंच खाली वाकवलेला आय-आकाराचा घडीव ॲक्सल आणि त्यावर आडवा एकच पाट्यांचा जुडगा ही फोर्डची मूळ पद्धत आजही उत्तम चालते. ॲक्सलला मागे धरून ठेवणारे दांडे दोन प्रकारचे मिळतात. हेअरपिन दांडे ॲक्सलला घट्ट आवळले जातात, म्हणून एक चाक उंचवट्यावर चढले की ॲक्सलला पीळ बसतो. घडीव आय-ॲक्सल तेवढा पीळ सहन करतो, नळीचा ॲक्सल करत नाही आणि ब्रॅकेट तडकतात. नळीचा ॲक्सल घ्यायचा असेल तर दोन्ही टोकांना फिरणारे चार दांडे लावावेत. कॅटलॉगमध्ये हे सगळे शेजारी-शेजारी छापलेले असते आणि कशाबरोबर काय चालत नाही हे तिथे लिहिलेले नसते.

पाट्यांच्या टोकांचे शॅकल, म्हणजे पाट्याला लटकवणाऱ्या झुलत्या कड्या, गाडीचे सगळे वजन पडल्यावर, साधारण ४५ अंशांत तिरके राहिले पाहिजेत. ते उभे राहिले तर गाडी डावी-उजवीकडे झुलते, आडवे झाले तर पाटा अडकून बसतो आणि प्रत्येक खड्डा थेट पाठीत बसतो. इंजिन न बसवलेल्या गाडीवर शॅकल पाहून समाधान मानू नये. चेसिसवर तेवढे वजन ठेवून तपासावे.

स्टेअरिंगसाठी शेव्हरोले व्हेगाच्या नमुन्याचा छोटा बॉक्स डाव्या मेंबरच्या आतल्या बाजूला लावण्याची पद्धत रूढ आहे आणि तो आता नवा मिळतो. त्याच्या हातातून निघालेला दांडा ॲक्सलला समांतर जाऊन उजव्या चाकाच्या आर्मला जोडला जातो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आडव्या पाट्यावरचा ॲक्सल शॅकलमुळे थोडा बाजूला सरकू शकतो, पण स्टेअरिंग बॉक्स चेसिसला पक्का असतो. म्हणजे ॲक्सल डावी-उजवीकडे सरकला की चालवणाऱ्याने हात न हलवताही चाके वळतात. त्यावर उपाय म्हणजे पॅनहार्ड बार, ज्याचे एक टोक चेसिसला आणि दुसरे ॲक्सलला असते. तो स्टेअरिंगच्या दांड्याला समांतर आणि शक्य तितका त्याच्याच लांबीचा हवा, दोघांची चेसिसकडची टोके एकाच बाजूला हवीत. असे केले तर चाके वरखाली होताना दोन्ही दांडे सारख्याच कमानीत फिरतात आणि चाकांची दिशा ढळत नाही. हा बार आखूड ठेवून कुठेतरी बसवला, तर खड्ड्यागणिक स्टेअरिंग हाताला झटके देते आणि मालक अलाइनमेंटवाल्याच्या खेपा घालत बसतो.

कॅस्टर (चाक ज्या खिळीवर वळते तिचा मागे झुकलेला कोन) पाच ते सात अंश आणि टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत वळलेल्या असण्याचे माप) अर्धा ते एक सूत, एवढे ठेवले की असा ॲक्सल सरळ धावतो. टाय रॉडच्या प्रत्येक टोकाला खाचेचा नट आणि स्प्लिट पिन असलीच पाहिजे.

इंजिन, फायरवॉल आणि पेट्रोलची टाकी

शुद्धतावादी मंडळी फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेल्या जुन्या फोर्ड) व्ही-८ शिवाय दुसरे इंजिन मानत नाहीत. त्याचा आवाज अतुलनीय आहे यात वाद नाही. मात्र न तडकलेला ब्लॉक मिळवणे आणि तो थंड ठेवणे या दोन्ही गोष्टी पहिल्यांदा गाडी बांधणाऱ्याच्या अंगावर येतात. १९५५ मध्ये आलेल्या शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉक कुळातील ३५० घनइंचांचे इंजिन स्वस्त आहे, त्याचे सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळतात, आणि त्याला टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स सहज जुळतो. मागच्या ॲक्सलसाठी फोर्डची नऊ इंची हौसिंग (ॲक्सल आणि त्याचे गिअर धरणारी पेटी) घ्यावी. तिची रुंदी टायरसह बॉडीवरून मोजून ठरवावी, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे.

जागा ठरवताना भरलेले इंजिन वापरू नये. भंगारातला रिकामा ब्लॉक आणि रिकामे बॉक्स-कव्हर दोघांना सहज उचलता येते, आणि ते शेकडो वेळा हलवावे लागते. या इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर (प्लगना वीज वाटणारा भाग) मागच्या टोकाला असतो, त्यामुळे तो नेमका फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यात, घुसतो; इंजिन पुढे सरकवले तर पंखा रेडिएटरला लागतो. बहुतेकांना शेवटी फायरवॉल दोन-तीन इंच आत घ्यावी लागते आणि तिथे पाय ठेवायची जागा कमी होते, म्हणून पॅडलची जागा याच वेळी पाहावी. डावीकडचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टेअरिंगच्या दांड्यापासून निदान बोटभर दूर हवा. इंजिन मागे साधारण तीन अंश उतरते ठेवावे आणि मागच्या हौसिंगचे नाक तेवढेच वर करावे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही क्रॉसचे (टोकांच्या वळणाऱ्या सांध्यांचे) कोन सारखे आणि उलट होतात आणि शाफ्ट थरथरत नाही. गाडी आपल्या बैठकीवर असताना शाफ्टचे पुढचे टोक बॉक्समध्ये पूर्ण आत न जाता पाऊण ते एक इंच बाहेर राहिले पाहिजे.

गिअरच्या प्रमाणाचा हिशेब साधा आहे: ताशी मैलांना हौसिंगमधील गिअरच्या प्रमाणाने आणि ३३६ ने गुणायचे आणि टायरच्या इंचांतील व्यासाने भागायचे. ३.२५ च्या प्रमाणावर एकोणतीस इंची टायरसह ताशी ६५ मैलांना इंजिन सुमारे २,४५० फेऱ्यांवर चालते, ४.११ घेतले तर ३,१०० वर, आणि तासाभरात कान किटतात.

मॉडेल ‘ए’ची पेट्रोलची टाकी पुढच्या काचेखाली, काउलमध्येच असते, म्हणजे टाकी बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर. ती तिथून काढून मागे, सीटच्या पाठीमागे किंवा डिकीत, नवी टाकी बसवावी. मात्र काउलचा वरचा पत्रा म्हणजे या टाकीचेच छत असल्याने ती अख्खी निघत नाही, तिचा खालचा भाग कापावा लागतो. टाकी ऐंशी वर्षे कोरडी असली तरी तिच्या सांध्यांत वाफ राहते आणि ग्राइंडरच्या ठिणगीने स्फोट होऊ शकतो. साबणाच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावी, कापण्याच्या रेषेपर्यंत पाण्याने भरावी, उरलेल्या पोकळीत निष्क्रिय वायू सोडावा, आणि मगच ठिणगी न उडवणाऱ्या हवेच्या कातरीने वा हातकरवतीने कापावी. गॅस कटर जवळपासही आणू नये.

ब्रेक

मूळ ब्रेक दांड्यांनी ओढले जाणारे होते; फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ पर्यंत दिले नव्हते. ते सर्व काढून टाकावे. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि दुहेरी मास्टर सिलिंडर ही मांडणी हलक्या गाडीला भरपूर होते. फायरवॉलवर जागा नसल्याने मास्टर सिलिंडर तळाखाली चेसिसला बसवतात, आणि तो चाकांच्या कॅलिपरपेक्षा (डिस्कला पॅडने आवळणाऱ्या भागापेक्षा) खाली गेल्यामुळे ब्रेक ऑइल उताराने परत येते. मग पॅडल पहिल्या दाबाला खाली जाते. म्हणून पुढच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा आणि मागच्या ड्रमच्या लाइनमध्ये १० पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरचे पौंड) रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनमध्ये तेवढा दाब टिकवून ठेवणारी झडप, लावावा. यांची अदलाबदल झाली तर पुढचे पॅड सतत घासत राहतात आणि डिस्क तापून निळी पडते. मास्टर सिलिंडरमध्ये आधीच असा व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर तो तपासून काढावा.

बूस्टर (पायाचा जोर वाढवणारे साधन) नसलेल्या पॅडलला सहास एक हे प्रमाण ठेवावे, म्हणजे खिळीपासून पायपट्टीपर्यंत बारा इंच असतील तर खिळीपासून दांड्यापर्यंत दोन. ब्रेक जड लागतो म्हणून मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर आणणारे पुष्कळ आहेत, पण त्याने पॅडल आणखी जड होते. बोअर लहान केला की दाब वाढतो आणि पॅडल थोडे लांब जाते. लाइन स्टीलच्या, दुहेरी फ्लेअरच्या असाव्यात आणि दर फूटभरावर चेसिसला धरलेल्या असाव्यात. तांब्याची नळी वापरू नये, ती कंपनांनी तडकते. हवा काढताना मागचे उजवे चाक, मग मागचे डावे, मग पुढचे उजवे आणि शेवटी पुढचे डावे असा क्रम ठेवावा.

पत्राकाम आणि टप

बॉडीला कुठेही करवत लावण्यापूर्वी दरवाजे बंद करून, फटी सारख्या करून, आतून एक इंची चौकोनी नळीचे आडवे आणि कर्णाचे आधार टाके मारून जोडावेत. आधाराविना तळाच्या पट्ट्या कापल्या की बॉडी उमलते आणि दरवाजे पुन्हा कधी बसत नाहीत. गंजलेला भाग कापताना चांगल्या पत्र्याच्या अर्धा इंच आत कापावे, नवा तुकडा कडेला कड भिडेल असा बसवावा, एकावर एक चढवू नये, कारण चढवलेल्या सांध्यात पाणी शिरते. टाके इंचभर अंतराने मारावेत, प्रत्येक टाका थंड झाल्यावर मागे डॉली (लोखंडी ठोकळा) धरून हातोड्याने हलके ठोकावा, मग दोन टाक्यांच्या मधला टाका. वेल्ड थंड होताना पत्रा आक्रसतो आणि ठोकल्याने पुन्हा पसरतो. लांबी हवीच तर कागदाच्या जाडीची. इंचभर लांबीने घडवलेला आकार दोन उन्हाळ्यांत तडकतो.

या कूपेच्या खिडक्यांचे खांब जवळजवळ उभे असल्याने टप कापणे त्या मानाने सोपे आहे, तरी ते जोखमीचेच काम. तीन इंच पुरेसे होतात. सर्व खांबांवर चिकटपट्टीने दोन रेषा आखाव्यात, आतला आधार टपाला आणि धडाला स्वतंत्रपणे द्यावा, आणि मगच पहिला काप घ्यावा. दरवाजांच्या चौकटी त्याच वेळी, दरवाजे जागेवर असतानाच कापाव्यात. पुढची काच लॅमिनेटेडच असावी.

पुन्हा उघडणे, मग रंग

आता गाडी बिनरंगाची, पण पूर्ण उभी आहे. हिला याच अवस्थेत स्वतःच्या इंजिनावर आवारात चालवून पाहावी, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून काय कशाला लागते ते पाहावे, राहिलेले प्रत्येक भोक पाडावे, प्रत्येक ब्रॅकेट जोडावा. त्यानंतर सगळी गाडी शेवटच्या बोल्टपर्यंत उघडावी. ज्यांना या टप्प्याचा कंटाळा येतो ते रंगवलेल्या चेसिसवर वेल्डिंग करताना दिसतात.

उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्राइमर द्यावा, आणि पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळूनच घासावे. दोन भागांच्या रंगांतील आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करतात. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर रंगकाम व्यावसायिक दुकानात द्यावे. वायरिंग बारा व्होल्टचे, ऋण टोक जमिनीला असलेले करावे आणि जुने सहा व्होल्टचे, धन टोक जमिनीला असलेले काहीही ठेवू नये. इंजिन, चेसिस आणि बॉडी यांना एकमेकांशी जोडणारे जाड अर्थिंगचे पट्टे द्यावेत, कारण रंगाच्या थरामुळे नटबोल्टांतून वीज नीट जात नाही. अशा गाड्यांमध्ये दिवे मिणमिणण्याचे आणि मीटर खोटे दाखवण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

नवे बांधलेले इंजिन सुरू करण्यापूर्वी डिस्ट्रिब्यूटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवावा आणि मीटरवर दाब येऊ द्यावा. जुन्या पद्धतीचा, रोलर नसलेला कॅम असेल तर जस्तयुक्त ऑइल घालून इंजिन सुरू होताच वीस मिनिटे २,००० ते २,५०० फेऱ्यांवर ठेवावे, मंद गतीवर सोडू नये. कॅमचा पृष्ठभाग याच वेळात बसतो किंवा बिघडतो. पहिले पन्नास मैल घराच्या आसपासच फिरावे, मग चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट, दांड्यांची टोके आणि ब्रेकचे प्रत्येक सांधे पुन्हा आवळून पाहावेत आणि त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावी. गादीकाम आणि आतले अस्तर या सगळ्यानंतर करावे, कारण पहिल्या महिन्यात तळाच्या फळ्या आणि ट्रान्समिशनवरचे झाकण वारंवार काढावे लागतात.